पहिल्या शिकारीला बंदूक एकच

पत्र (थोडक्यात): ताई, आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमध्ये राहतो. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको आणि मुलगी कुटुंबाच्या एच-फोरवर. मुलगी चौदा वर्षांची आहे. शेजारच्या अमेरिकन कुटुंबातली मुलगी तिची जिवलग मैत्रीण, आणि दोघींनी मिळून हंटर एज्युकेशनचा कोर्स पुरा केलाय. शेजारी दर सप्टेंबरला कोलमनजवळ मित्राच्या रानात होल्यांच्या (डव्ह पक्ष्यांच्या) शिकारीला जातात. यंदा त्यांनी आम्हा बापलेकीला बोलावलंय. मुलगी हरखून गेलीय. मी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. साताऱ्याहून आई आलीय, ती म्हणते, पोरीला जीव घ्यायला काय शिकवता, आणि तेही श्रावणात! जावं की नाही? जायचं तर तयारी काय करायची? डिसेंबरात भारतात जायचंय, हेही मनात आहेच. — एक बाबा, फ्रिस्को

नमस्कार,

जा. पण शेजाऱ्यांना होकार कळवण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारा: "पहिल्या दिवशी तुमची बंदूक पेटीत ठेवून, मोकळ्या हातांनी तुम्ही माझ्या मुलीशेजारी बसाल का?"

ते लगेच हो म्हणाले तर माणूस भरवशाचा आहे, पुढची तयारी सुरू करा. "बघू, मीही जवळपासच असेन" असं उत्तर आलं तर यंदा नको म्हणा. नवख्या पोराला रानात नेल्यावर शेजारचा मोठा माणूस स्वतः आभाळाकडे डोळे लावून बसला असेल, तर त्या पोराच्या नळीचं तोंड कुठे वळलंय हे बघायला कुणीच उरत नाही. होल्यांचे थवे येतात तेव्हा मुरलेल्या शिकाऱ्याचंही लक्ष उडतं. म्हणून दोन माणसांत बंदूक एकच, आणि ती मुलीच्या हातात. तुम्हाला बंदुकीतलं काही कळत नाही, त्यामुळे तिच्या एका बाजूला शेजारी आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. मैत्रिणीची पाळी वेगळी, तिच्या वेळी तुमच्या मुलीची बंदूक बंद. दोघी एकाच वेळी बार काढत बसल्यात असं चित्र पहिल्या खेपेला मुळीच नको.

आता कागदपत्रांचं बघू. आपल्या लोकांना ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि शेजाऱ्यांना ती ठाऊक असण्याचं कारण नाही. एच-वन-बी किंवा एच-फोरसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्यानं दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे लायसन्स आधी, बंदुकीला हात नंतर. हे फक्त रानापुरतं नाही. सरावाच्या मैदानावर शेजाऱ्यांनी "धर, बघ कशी वाटते" म्हणून हातात दिलेली बंदूकही यात येते.

यातली एक गाठ नीट समजून घ्या. टेक्सासचं शिकारीचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, आणि पुढच्या वर्षाचं १५ ऑगस्टपासून विकायला येतं. मुलीनं जुलैत सराव सुरू केला तर तिच्याकडे चालू वर्षाचं लायसन्स हवं, आणि शिकारीसाठी नव्या वर्षाचं वेगळं. सतरा वर्षांखालच्या मुलांचं लायसन्स ७ डॉलरला मिळतं, तेव्हा दोन्ही घ्या आणि कागद तिच्या खिशात राहू द्या. घेताना काउंटरवर स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीबद्दल चार प्रश्न विचारतात. त्या नोंदीला एचआयपी म्हणतात, आणि ती लायसन्सवर छापली गेलीय की नाही हे तिथेच उभं राहून तपासा. ती नसेल तर होल्याची शिकार बेकायदा ठरते.

आणि तुमचं काय? तुम्ही बार काढणार नाही, म्हणून तुम्हाला लायसन्स लागत नाही, हे खरं. पण मग "बाबा, जरा धरा" म्हटल्यावर बंदूक धरायची नाही, आणि काडतुसांची पिशवीही उचलायची नाही. दिवसभर रानात हे पाळणं जमणारं नाही. त्यापेक्षा तुम्हीही कोर्स करा आणि लायसन्स काढा. तसाही टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हा कोर्स लागतोच. मुलीला जे शिकवलंय ते तुम्हालाही माहीत असेल, तर तिची चूक तुम्हाला दिसेल. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल करून हे सगळं लेखी विचारून ठेवा. वकिलाचं उत्तर आल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका, इतकं मी ठासून सांगेन.

तारखेबद्दल. कोलमनच्या भागात होल्यांचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो आणि तो दिवस इथे सणासारखा असतो. यंदा तो मंगळवारी आलाय, म्हणजे शाळा. त्यानंतरचा शनिवार-रविवार लेबर डेच्या सुट्टीला जोडून आलेला, म्हणजे रानोमाळ गाड्याच गाड्या आणि चारही बाजूंनी बार. सुरुवातीला पक्षी भरपूर असतात आणि बिचकलेले नसतात, म्हणून लोक त्या दिवसांवर तुटून पडतात. पण नवख्या मुलीला पक्ष्यांच्या संख्येपेक्षा शांतता जास्त हवी. माझं म्हणणं, शनिवार १२ सप्टेंबर धरा, तोही दुपारनंतरचा. गर्दी ओसरलेली असते, हंगाम पुढे ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालतो तेव्हा काही निसटून जात नाही. शिवाय श्रावण तोवर संपलेला असेल आणि गणपती सोमवारी १४ तारखेला येतायत. आजींचा अर्धा आक्षेप तारखेनंच मिटतो. २०२५ मध्ये १ सप्टेंबरला गौरीपूजन होतं. त्या वेळी मला अशीच पत्रं आली होती आणि त्यांनाही मी पुढची तारीख सुचवली होती. गणपती घरी बसणार असतील तर त्या आठवड्यात पक्षी घरी आणू नका, शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये राहू द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये काय करायचं? क्ले पिजन, म्हणजे यंत्रानं हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या, यांवर सराव. तीन-चार शनिवार तरी जायला हवं. बंदूक विकत घेऊ नका, शेजाऱ्यांची किंवा मैदानावरची वापरा. चौदा वर्षांच्या मुलीला २० गेजची, म्हणजे बारीक नळीची बरी. १२ गेजचा धक्का खांद्याला बसला की पुढच्या बाराला डोळे आपोआप मिटतात आणि ती खोड मग जाता जात नाही. दोन नळ्यांची, मधे मोडून उघडणारी शॉटगन मिळाली तर फारच चांगलं. उघडी असली की ती रिकामी आहे की भरलेली, हे दहा पावलांवरूनही दिसतं. पंप किंवा सेमी-ऑटोमॅटिक असेल तर तीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, त्यासाठी आत अडसर बसवावा लागतो. स्थलांतरित पक्ष्यांसाठी हा देशभरचा नियम आहे. शेजाऱ्यांच्या बंदुकीत तो आहे का, हे विचारायला लाजू नका.

दस्ता तिच्या हाताच्या लांबीला जुळतो का हे मैदानावरचा शिकवणारा बघेल. तिचा कुठला डोळा जोरकस आहे हेही त्याला तपासायला सांगा. उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या मुली बऱ्याच असतात, आणि हे कुणी पाहिलं नाही तर त्या बिचाऱ्या महिनाभर चुकतात आणि "मला जमतच नाही" म्हणून सोडून देतात. एका दिवशी पंचवीसेक बार पुरे. खांदा दुखायला लागण्याआधी थांबवा. कानांवर मफ आणि डोळ्यांवर सेफ्टी चष्मा, हे मैदानावर आणि रानातही, तिघाचौघांनाही. होल्यांच्या रानात लांबून उडालेले छरे पावसासारखे अंगावर पडतात. अंगाला काही होत नाही, पण डोळ्याला होतं.

रानातला जो क्षण सगळ्यात धोक्याचा, तो बाराआधीचा नाही, बारानंतरचा आहे. पक्षी पडतो, मुलगी "मिळाला!" म्हणून ओरडते आणि धावत सुटते. हातात बंदूक, दुसऱ्या नळीत काडतूस, सेफ्टी उघडी, पायाखाली ढेकळं आणि वाळलेले सूर्यफुलाचे बुडखे. हे मैदानावरच घोटून घ्या: बार झाला, की बोट चापावरून बाहेर, बंदूक उघडायची, काडतुसं काढायची, बंदूक शेजाऱ्यांच्या हातात द्यायची, आणि मगच चालत जायचं. तोवर पक्षी कुठे पडला ते तुम्ही नजरेनं धरून ठेवा. एखादं झुडूप, कुंपणाचा खांब अशी खूण पकडा आणि नजर हलवू नका. वाळलेल्या गवतात होला पडला की गवताचाच रंग होऊन जातो. तुमच्यासारख्या बंदूक नसलेल्या माणसाचं हे खरोखर मोलाचं काम आहे.

दुसरा नियम: पक्ष्याच्या खाली आभाळ दिसलं तरच नेम धरायचा. पक्षी झाडाच्या, माणसाच्या, कुत्र्याच्या उंचीवर असेल तर तो कितीही जवळ आला तरी जाऊ द्यायचा. ११ फेब्रुवारी २००६ ला याच टेक्सासमध्ये, केनेडी काउंटीतल्या आर्मस्ट्राँग रँचवर, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी उडालेल्या लाव्ह्यामागे बंदूक वळवत गेले आणि बार त्यांच्याच सोबतच्या हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्याला, मानेला आणि छातीला लागला. व्हिटिंग्टन पडलेला पक्षी शोधून मागून परत येत होते. चेनी नवखे नव्हते. ही गोष्ट मुलीला जेवणाच्या टेबलावर कागदावर आकृती काढून सांगा: कोण कुठे उभं होतं, पक्षी कुठून उडाला, नळी किती वळली. कोर्सच्या पुस्तकापेक्षा ती जास्त लक्षात राहील. आणि कोलमनला पोचल्यावर बसण्याआधी प्रत्येकानं आपली दिशा हात पसरून दाखवायची. त्या पसरलेल्या हातांच्या बाहेर नळी जायची नाही.

तिथे काय काय उडेल, तेही आधी बघून ठेवायला हवं. मारायला परवानगी असलेले मुख्य दोन: लांब टोकदार शेपटीचा मोर्निंग डव्ह, आणि पंखावर पांढरा पट्टा असलेला व्हाइट-विंग. दिवसाची मर्यादा पंधरा, पण त्या आकड्याचा विचारही मनात आणू नका, चार मिळाले तरी दिवस सोन्याचा. इंका डव्ह आणि ग्राउंड डव्ह हे छोटे होले संरक्षित आहेत. संध्याकाळी पाण्यावर रातव्याच्या जातीतले नाइटहॉक येतात, टिटवीच्या कुळातले किलडीअर येतात. घाईत नवखा माणूस त्यांच्यावरही बार टाकतो. म्हणून पोचल्यावर पहिला अर्धा तास बंदूक पेटीतच ठेवा आणि मुलीच्या हातात दुर्बीण द्या. येणारा प्रत्येक पक्षी तिनं नावानं सांगायचा. शेजाऱ्यांनी मान डोलावली की मग पेटी उघडायची.

मानेमागे काळी रेघ असलेला फिकट होला दिसला तर तुम्ही चमकाल. हा आपल्याकडचाच, साताऱ्याच्या माळावर तारेवर बसून घुमणारा. इथे तो मूळचा नाही. १९७० च्या दशकात बहामामध्ये पिंजऱ्यातून सुटला, तिथून फ्लोरिडात आला आणि पसरत टेक्सासभर झाला. बाहेरून आलेला म्हणून त्याला मर्यादाही नाही. आजींना फोटो दाखवा, त्या लगेच ओळखतील.

एक अवघड प्रश्न शेजाऱ्यांना आधीच विचारा: त्या रानात दाणे टाकलेत का? पेरलेलं सूर्यफूल कापून तिथेच पाडलेलं चालतं, बाहेरून आणून पसरलेला गहू किंवा मका चालत नाही. दाणे पूर्ण उचलल्यावरही दहा दिवस तिथे शिकार बंद. हे १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली येतं आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे सहजी खपत नाही. तुमच्या व्हिसाच्या परिस्थितीत तर असा खटला अजिबात परवडणारा नाही.

उन्हाचं थोडक्यात: सप्टेंबरातही तिथे पारा पस्तीसच्या वर जाऊ शकतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्या, बूट. तळ्याच्या काठच्या गवतात रॅटलस्नेक असतात, तेव्हा पक्षी उचलताना डोळे गेले तिथेच हात जाऊ द्या. चारच्या सुमारास जागेवर बसा. होले आधी दाण्यावर येतात, दिवस कलताना पाण्यावर. सूर्यास्ताला शिकार कायद्यानं थांबते, मग पाण्यावर कितीही गर्दी होवो.

आता आजींचं म्हणणं. ते मी हसण्यावारी नेणार नाही. तुमच्या घरी कोंबडी खातात असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण साताऱ्याचं घर आहे, रविवारी रस्सा होत असेल असं धरून चालते. जे मूल मटण-कोंबडी खातं, त्यानं एकदा तरी तो जीव आपल्या हातानं गेलेला बघावा, हे मला योग्य वाटतं. प्लास्टिकच्या ट्रेमधल्या तुकड्यांमागे काय असतं हे त्याशिवाय कळत नाही. पण ते प्रत्येक मुलीला सोसेलच असं नाही, आणि सोसलं नाही तर ती कमी पडली असंही नाही.

म्हणून खरं काय होतं ते तिला जाण्याआधी सांगा. छऱ्यांनी पक्षी दर वेळी जागच्या जागी मरत नाही. कधी पंख मोडून खाली पडतो, चालत गवतात शिरतो, हातात घेतला की डोळे उघडे असतात, छाती उबदार असते आणि धडधडताना बोटांना कळते. त्या वेळी त्याची मान झटक्यात मोडून त्याला मोकळं करावं लागतं. पहिल्या खेपेला हे काम शेजाऱ्यांनी करावं, तिनं बघावं. बघायचं नसेल तर तिनं तोंड फिरवलं तरी चालेल. पण पडलेला पक्षी सापडेपर्यंत शोधायचा, दुसरा बार काढायचा नाही, यात सूट नाही. लांबचे बार टाळले तर हे प्रसंग कमी होतात. वीस-पंचवीस पावलांच्या पलीकडचा पक्षी तिचा नाही, असं ठरवून टाका.

आणि तिला हेही सांगून ठेवा, की तिथे जाऊन एकही बार न काढता परत आली तरी कुणी काही म्हणणार नाही. हे शेजाऱ्यांच्या देखत सांगा, म्हणजे मैत्रिणीसमोर तिला मान खाली घालावी लागणार नाही. नुसतं एकदा "नको" म्हणाली तरी बंदूक पेटीत. "अगं, एवढ्या लांब आलोय, एक तरी मार" हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये.

मारलेलं खायचं, टाकायचं नाही. होल्याच्या छातीचं मांस गडद लाल, दोन घासांचं. साफ करणं शेजारी शिकवतील. ते मुलीनं स्वतः करावं. मसाला लावण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून छरे काढा, नाहीतर दाताचा तुकडा पडतो. इथले लोक मिरची आणि बेकन गुंडाळून भाजतात. आपल्याकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं सुकं छान होतं, फक्त फार शिजवू नका, चरबी नसल्यानं ते चिवट होतं. गणपती झाल्यावर आणि पितृपक्ष संपल्यावर करा, आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलवा. आजींना सगळं आधी सांगा, परत आल्यावर नव्हे. त्या नाराज राहतील कदाचित. राहू द्या, पण लपवून काही करू नका. मुलीला लपवण्याची सवय लागण्यापेक्षा आजींची नाराजी परवडली.

शेवटी पिशवीचं. शिकारीसाठी वेगळी पिशवी घ्या आणि ती गॅरेजमध्ये टांगून ठेवा. शाळेची बॅग त्या दिवशी गाडीतसुद्धा नको. जॅकेटच्या खिशात राहिलेलं एक काडतूस सोमवारी शाळेत सापडलं, तर मुलीची बाजू ऐकून घ्यायच्या आधी शिस्तीची कारवाई सुरू होते. बंदुकीसोबतचा फोटोही तिनं इन्स्टाग्रामवर टाकू नये. डिसेंबरात भारतात जाताना या पिशवीतलं, या जॅकेटमधलं काहीही सामानात जाता कामा नये. भारतात विमानतळावर बॅगेत एक जरी काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली पोलिसांत प्रकरण जातं, आणि "चुकून राहिलं" हे सांगायला मग वकील लागतो. घरी आल्या रात्रीच प्रत्येक खिसा उलटा करा, काडतुसं मोजून शेजाऱ्यांना परत द्या.

वकिलाचं उत्तर आणि शेजाऱ्यांचं उत्तर, दोन्ही आली की मला कळवा. बंदुकीचा दस्ता, सरावाची जागा, काहीही अडलं तर लिहा.